नऊ वाजताचा निरोप

सकाळचे नऊ वाजले की मिरचीच्या शेडनेटमधल्या बाया चहाला बसत, आणि मनकर्णाबाई फोन पदराखाली घेऊन पाण्याच्या टाकीमागं जाई.

"चालली माय, लेकाशी गुजगोष्टी कराले," कोणीतरी म्हणे.

ती नुसती हसे. टाकीच्या गार सिमेंटला पाठ टेकून, फोनवरचं माईकचं चिन्ह अंगठ्यानं दाबून धरी आणि बोलू लागे.

"गोविंदा, आयक बाप्पा. आज थंडी लय पडली. तुह्या बाबाचा गुडघा पुन्हा धरला, पन मानूस आयकते का, गेले पानी द्याले. पंधरा बाया आल्या आज. लाल धागा संपला, पिवळा सुरू केला. ढवळी गाभन हाये. कडूबाच्या पोरीचं लगन जुळलं, पोरगा पिंपळगाव राजाचा. पंचफुलाचा अश्वजित कम्प्यूटरच्या कोर्सात पैल्या नंबरानं पास झाला. पन काम नाय त्याले. बसते पारावर. मले म्हने, गोविंदाभाऊ मले बोलावते का तिकडं. लय गुनी पोरगं. बरं, जाते, फुलं सुकतीन. जेवजो टाइमावर."

अंगठा उचलला की निरोप जाई आणि त्याच्याखाली एक बारीक करडी खूण उमटे. एकच. पलीकडचा फोन बंद असला की एक, पोचला की दोन, ऐकला की निळा रंग, हे तिला सुनेनं, प्रेरणानं शिकवलं होतं. जेठापासून मार्गशीर्षापर्यंत मनकर्णाबाईनं एकच खूण पाहिली होती. तरी एक दिवस चुकवला नव्हता. पहाटे अंघोळ, तुळशीला पाणी, पोथीचा एक अध्याय, आणि नऊ वाजता गोविंदा. असा तो नेमच झाला होता.

गोविंदा गेला वैशाखात. तिच्या नवऱ्याच्या, पुंजाजीच्या, चुलतभावाचा लेक भागवत, साखरखेर्ड्यात त्याचं मोबाईलचं दुकान, त्यानं धाडलं. थायलंडात कम्प्यूटरवर नोंदी करायचं काम, राहायला खोली, खायला दोन टाइम. विमानातून उतरल्यावर गाडीत बसवलं, नदी ओलांडली आणि पोरगं दुसऱ्याच देशात, ब्रह्मदेशात निघालं. भिंतीवर काटेरी तार, दारावर बंदूक. हे सगळं त्यानं जेठात कोणाच्या तरी फोनवरून दोन मिनिटांत सांगितलं होतं. पासपोर्ट काढून घेतला. दिवसभर बाईच्या नावानं परक्या माणसांशी गोड बोलायचं आणि त्यांना लुटायचं. नाही म्हटलं की मार. "कोनाले सांगू नका," एवढं म्हणून फोन तुटला तो तुटलाच.

भागवत म्हणाला होता, "काकू, पोलिस ठाण्यात जासान तं तिकडं पोराचा जीव घेतीन. म्या पाहातो ना." मग घरचे तिघंही गप्प बसले. गाव विचारी, गोविंदा कसा हाये? मनकर्णाबाई म्हणे, बरा हाये. आधी हे म्हणताना जीभ अडखळायची. दिवाळीपर्यंत ती तेही शिकली. फक्त पहाटे अध्याय वाचताना कधीकधी ओळीवर बोट थांबे. ज्या तोंडानं आपण हे वाचतो त्याच तोंडानं नऊ वाजता पोराशी खरं बोलतो आणि सव्वानऊला बायांशी खोटं.

मार्गशीर्षातल्या दुसऱ्या गुरुवारी, उपासाच्या दिवशी, ती टाकीमागं गेली आणि फोन हातातून सुटता सुटता राहिला. सगळ्या निरोपांखाली दोन-दोन खुणा होत्या. खालून वर, कालच्यापासून जेठातल्यापर्यंत, सगळ्या निळ्या.

"प्रेरणे," ती ओरडली नाही, तिचा आवाज ओरडण्यासारखा कधी नव्हताच. पण प्रेरणा हातातला कप टाकून धावत आली.

दोघी फोनकडं बघत उभ्या राहिल्या. प्रेरणा बोटानं निरोप सरकवत वर वर गेली. लग्नाला दोन वर्षं झालेली पोरगी. त्यातले सहा महिने अशी.

"समदे आयकले त्यायनं, आत्याबाई. एक बी नाय सोडला."

त्या दिवशी दोघींनी किती फुलं केली त्याचा हिशेब राहिला नाही. मिरचीचं बियाणं धरायचं म्हणजे हातचं काम. उद्या उमलणारी कळी आज दुपारनंतर चिमट्यानं हलकेच उकलायची, आतले नर, म्हणजे परागाचे केसर, काढून टाकायचे, मधली काडी तेवढी ठेवायची. सकाळी तिला दुसऱ्या जातीचा पराग लावायचा आणि देठाला धागा बांधायचा. धागा म्हणजे खूण, की हे फूल माणसाच्या हातानं झालं. बिनधाग्याचं फळ दिसलं की तोडून फेकायचं. दिवसभर मान वाकलेली, नेटमधली दमट हवा पोलक्यात भरलेली, बोटं हिरवी-काळी. पण त्या दुपारी मनकर्णाबाईला मान आहे हेच आठवलं नाही.

तीन वाजता फोन वाजला. गोविंदाचंच नाव.

"आई."

ती खाली मातीतच बसली. प्रेरणानं फोन मोठ्या आवाजावर केला आणि तिला ओढत टाकीमागं नेलं.

"गोविंदा? बाप्पा, कसा हायेस रे?"

"हिंदी में बोल," मागून कोणीतरी म्हणालं.

"आई, मैं ठीक हूँ." आवाज त्याचाच, पण पाठ केल्यासारखा. "इधर एक लडका होना. कम्प्यूटर जाननेवाला. वो आया तो मेरे को छोडते. पंचफुलामावशी का अश्वजित..." तिथं तो थांबला. श्वास घेतल्याचा आवाज आला. "अश्वजित को भेजो."

मनकर्णाबाईला आधी काही समजलंच नाही. "त्याचं नाव काऊन घेतो तू?"

उत्तर दुसऱ्यानं दिलं. माणूस मऊ बोलणारा होता. "माताजी, आप ही ने तो बताया. पहला नंबर वाला, गुणी लडका, काम नहीं है. हमने आपका सब सुना. अपना एक आदमी है, मराठी समझता है. आप बहुत अच्छा बोलती हो."

प्रेरणानं तोंडावर हात घेतला.

"आपको कुछ नहीं करना है. टिकट, कागज, भागवत सब करेगा. लडका आपसे पूछेगा, गोविंदा कैसा है. आप बोलना, अच्छा है. बस. सोमवार को वो निकला, अगले हफ्ते आपका बेटा घर."

फोन बंद झाला. टाकीच्या नळातून थेंब थेंब पाणी गळत होतं, ते पुंजाजीनं कितीदा दुरुस्त करतो म्हटलं होतं.

सहा महिने तिनं पोराला एकटं वाटू नये म्हणून सगळं गाव त्या फोनात ओतलं होतं. कोणाचं पोर शिकलं, कोणाचं बसून आहे, कोणाच्या घरी कोणी कमावतं नाही. आणि कोणीतरी परका माणूस ते ऐकत बसला होता, बाजारात भाजी निवडावी तसा.

---

दुसऱ्या दिवशी भागवत आला. मोटारसायकल बांधावर लावून, पँटला हरभऱ्याची ओल लागू नये म्हणून पाय उचलत उचलत. पुंजाजी पाण्याच्या नळ्यांची जाळी धूत बसले होते.

"काका, झालं ना बोलनं?"

पुंजाजीनं मान हलवली.

"मंग आता मले सांगा, म्या काही वाईट करून राह्यलो का? माह्या मनात बी नव्हतं असं होईन म्हनून. पन झालं. आता एक रस्ता निघाला हाये. अश्वजितचा पासपोर्ट नोकरीसाठी आधीच काढेल होता, आता माह्यापाशीच हाये. सोमवारी जालन्याहून गाडी. त्याची माय म्हने, मनकर्णाबाईले इचारते आनि धाडते. तिचा भरोसा तुमच्यावर, काकू. माह्यावर नाय."

"पोरगं हुशार हाये तिचं," मनकर्णाबाई म्हणाली. "आनि माय बी."

"काकू, तुमाले खोटं बोलाले कोन म्हनते? आजवर जे म्हनत आल्या तेच म्हना. बरा हाये. दोन शब्द."

"आनि मंग अश्वजितले कोन सोडवन?"

"त्यानं एखादा आनला की त्याले सोडतीन. चालते तिकडं असं."

"म्हंजे मंग त्याच्या मायनं बी कोनाचं तरी पोरगं पाहाचं."

भागवतनं घड्याळ पाहिलं. "तुमी लय इचार करता, काकू. पोथी वाचून वाचून होते असं." तो हसला आणि गेला.

मनकर्णाबाई नवऱ्याकडं वळली. पुंजाजी जाळीतला गाळ नखानं काढत होते. चांगला माणूस, आयुष्यात कोणाच्या शेताची मेंड सरकवली नाही. खाली मान घालूनच म्हणाले, "एवढं तं आपन रोजच म्हनतो, गोविंदाची माय. बरा हाये म्हनून. सहा महिने झाले."

खरंच होतं ते.

संध्याकाळी भाकरी थापताना प्रेरणा बोलली. पाठमोरीच होती.

"तुमी काय ठरवलं, आत्याबाई?"

"काय ठरवाचं माय त्यात."

"म्हंजे सांगसान? का नाय सांगसान?"

मनकर्णाबाई लसूण सोलत होती. "तिचं एकच पोरगं हाये, प्रेरणे."

"माह्या नवरा बी एकच हाये." प्रेरणानं भाकर तव्यावर टाकली, ती एका बाजूनं फाटली. "कोनाचं तरी पोरगं म्हनून तुमाले त्याची दया येते. माह्यी नाय येत? मले लोकं इचारतेत, नवऱ्यानं साडी धाडली का, फोटो धाडला का. म्या म्हनते धाडली. ही पाहा म्हनते. बाजारातून घेतलेली साडी दाखवते म्या. त्याले तिकडं मारून राह्यलेत, आनि तुमी म्हनता काय ठरवाचं."

"म्या तुले कुठी काय म्हनलं?"

"तेच तं. तुमी कधी काहीच म्हनत नाय. नुसतं जे हाये ते हळू बोलता आनि मंग तुमाले पायजे तेच करता."

भाकर जळाल्याचा वास आला. प्रेरणानं ती उलटली नाही, तशीच उचलून परातीत टाकली आणि बाहेर गेली. मनकर्णाबाईनं काळी बाजू खरवडून ती भाकर स्वतःच्या ताटात घेतली.

---

शनिवारी सकाळी धुकं नेटच्या जाळीला चिकटून बसलं होतं. पंचफुला तिच्या समोरच्या तासात, म्हणजे पलीकडच्या सरीत, होती. दोघींच्या मध्ये मिरचीची एक ओळ. पानांतून एकमेकींची बोटं दिसत, कधी डोळे. गेली तीन वर्षं अशाच उभ्या राहत. पंचफुलाच्या बोलण्याला मोकळ्या रानासारखं काही कुंपण नव्हतं.

"बाई, म्या चिवडा केला त्याच्यासाठी. तिकडं मुरमुरे भेटतेत का?"

"काय माईत."

"गोविंदाले इचारा ना. आनि थंडी किती राह्यते तेबी. भागवत म्हनते गरम देश हाये, स्वेटर नको देऊ. म्या म्हनलं देईन. पोट्टं लय वाळकं हाये माह्यं, बाई. त्याले कधी म्या उन्हात पाठवलं नाय. त्याचा बाप गेला तवा सहावीत होता. म्या म्हनलं, म्या फुलं करन, तू बटनं दाब."

ती हसली. मनकर्णाबाईनं पुढचं फूल धरलं, धागा गुंडाळला, गाठ मारली. पुढचं धरलं.

"बाई."

"हूं."

"पराग नाय लावून राह्यल्या तुमी. नुसता धागा बांधून राह्यल्या."

मनकर्णाबाईनं बोटातल्या अंगठीवजा डबीकडं पाहिलं. तिच्यात पराग भरलाच नव्हता. मागं वळून पाहिलं तर अर्ध्या ओळीवर पिवळे धागे लटकत होते, चांगले नीट, सारख्या लांबीचे. लांबून पाहिलं तर कोणाला कळलंही नसतं.

"तब्बेत बरी नाय का?"

"बरी हाये," ती म्हणाली. आणि ते तोंडातून निघालं तसं तिचं तिलाच ऐकू आलं. किती सराईत.

मग तिनं पहिल्या झाडापासून सुरुवात केली. एकेक धागा सोडवत गेली. ओल्या बोटांनी गाठी निघेनात, दातांनी काढल्या. पंचफुला आपली ओळ सोडून दुसऱ्या टोकाकडून सोडवत आली. मध्ये दोघी भेटल्या तेव्हा दहा वाजून गेले होते. त्या दिवशी टाकीमागं जायचं राहिलं.

---

रविवारी काम होतंच. फुलाला रविवार कळत नाही. नऊ वाजता बाया चहाला बसल्या आणि अश्वजित आला. नवा शर्ट, इस्त्रीची घडी तशीच. आत येताना चपला बाहेर काढल्या, जसा देवळात येतो. खाली वाकून मनकर्णाबाईच्या पाया पडला.

"मावशी, उद्या निघून राह्यलो."

"चहा घे."

"घेतला. मावशी, मायले जरा समजावा. राती रडत होती. भागवतभाऊ सांगते समदं, पन ती म्हनते मनकर्णाबाईच्या तोंडून आयकू दे." तो लाजल्यासारखा हसला. "गोविंदाभाऊ बरा हाये ना?"

पंधरा बाया बशीतला चहा फुंकत होत्या. प्रेरणा पुढं कोपऱ्यात, धाग्याचं रीळ हातात घेऊन उभी. ती सासूकडं पाहत होती. त्या नजरेत धमकी नव्हती. ती असती तर सोपं झालं असतं. तिथं नुसती भीक होती.

मनकर्णाबाईनं पदराखालचा फोन काढला. बाया समजल्या, ही आता टाकीमागं जाणार. पण ती तिथंच, बायांच्या मधोमध, मातीवर मांडी घालून बसली. फोन समोर धरला आणि माईकवर अंगठा दाबला.

"गोविंदा, आयक. आज म्या टाकीमागं नाय गेली. इथं समद्या जनी हायेत. तुह्यी बायको हाये. पंचफुला हाये, तिचा अश्वजित हाये. त्यानं मले इचारलं, गोविंदा बरा हाये का. म्या त्याले सांगते, तू बी आयक." तिचा आवाज नेहमीसारखाच, पोथी वाचताना असतो तसा. "गोविंदा बरा नाय. त्याले डांबून ठेवलं हाये. नोकरी नाय, काही नाय. भिंतीच्या आत ठेवतेत, मारतेत, आनि बाईच्या नावानं लोकं लुटाले लावतेत. म्या सहा महिने तुमाले खोटं सांगतलं. मले लाज वाटत होती. आता ते म्हनतेत, अश्वजितले धाडा, तं गोविंदाले सोडतो. अश्वजितचं नाव त्यायले म्याच सांगतलं, गोविंदा. तुले बरं वाटावं म्हनून बोलत होती, आनि आयकत दुसराच होता. ते पाप माह्यं."

कोणाच्या तरी हातातली बशी खाली ठेवल्याचा आवाज झाला.

"आनि आता तू, जो आयकून राह्यला हायेस. तुह्यं नाव मले माईत नाय. तुले मराठी समजते म्हनतो. म्या तुले कोनाचं पोरगं देनार नाय. माह्यं हाये तुह्यापाशी, ते म्या मागते, रोज मागन. पन त्याच्या बदल्यात दुसऱ्या मायचं देनार नाय. त्याले म्या नऊ महिने पोटात ठेवला तो असा सोडवाले नाय. गोविंदा, तुले राग आला तं येऊ दे. जेवजो."

तिनं अंगठा उचलला. निरोप गेला.

अश्वजित खाली बसला, इस्त्रीच्या पँटसकट, ओल्या मातीत. पंचफुलानं त्याच्याकडं पाहिलंही नाही. ती उठून मनकर्णाबाईच्या समोर आली. हात उचलला, बायांना वाटलं आता मारते. तिनं तो हात मनकर्णाबाईच्या खांद्यावर ठेवला आणि तिथंच ठेवून बसून राहिली.

प्रेरणाच्या हातातलं रीळ पडलं होतं. ती नेटच्या दारातून बाहेर गेली. पिवळा धागा तिच्या पायात अडकून बराच लांबपर्यंत ओढत गेला.

---

दुपारी भागवत आला तो गुरकावतच. "काकू, तुमी सोताच्या पोराच्या गळ्यावर सुरी फिरवली. फोन आला मले. समजते का काय केलं तुमी?"

मनकर्णाबाई काही बोलायच्या आत पंचफुला पुढं झाली. "पासपोर्ट दे पोराचा."

"कोनता पासपोर्ट?"

"तुह्या दुकानात हाये तो. आमी समद्या जनी चालत येतो दुकानापरयंत, आज बाजाराचा दिवस नाय तरी गर्दी होईन. का गाडीच्या डिकीत हाये?"

डिकीतच होता. भागवतनं तो मातीत फेकला. पंचफुलानं उचलला, पदरानं पुसला आणि चोळीत ठेवला. "आता जाय बे. चप्पल हिरवी होईन तुह्यी."

बाया हसल्या. मनकर्णाबाई हसली नाही. गळ्यावर सुरी हे शब्द तिच्यात रुतून बसले होते.

घरी प्रेरणा तिच्याशी बोलत नव्हती. ताट वाढी, पाणी ठेवी, आणि दुसऱ्या खोलीत जाई. पुंजाजी दोघींच्या मध्ये जेवत, आणि जेवताना घास फार चावत. निरोपाखाली पुन्हा एकच खूण येऊ लागली होती. सोमवारी, मंगळवारी. मनकर्णाबाई टाकीमागं गेली नाही; बायांच्या मधे बसूनच बोलली. काय सांगायचं आणि काय नाही हे आता तिला माहीत झालं होतं. गावाचं, कोणाच्या पोरांचं काही नाही. हवा, फुलं, ढवळी, गुडघा.

बुधवारी सकाळी प्रेरणा कामावर आली नाही. पुंजाजी म्हणाले, "अश्वजितसंगं बुलढान्याले गेली. पोलिसात. पोट्ट्यानं रातभर बसून अर्ज लिहला, जेठापासूनचं समदं, तुह्या निरोपाच्या तारखा बी. भागवतचं नाव घातलं. म्या सही केली. माह्या चुलतभावाचं पोरगं हाये तो. तरी केली."

प्रेरणा दिवेलागणीला परत आली. पाय धुतले. मग सासूसमोर उभी राहून म्हणाली, "आधी साहेब म्हने, सहा महिने काऊन बसले. म्या म्हनलं, बसलो, चुकलं, आता लिहून घ्या. पाच वाजेपरयंत उठली नाय तिथून. कागद दिल्लीले जानार हाये म्हने." आणि जराशानं, "मले तुमचा राग गेला नाय, आत्याबाई."

"ठेव माय," मनकर्णाबाई म्हणाली. "पन दोन घास खाऊन घे."

---

पुढच्या सोमवारी, नऊला पाच कमी असताना, फोन वाजला. अनोळखी, लांबलचक नंबर. मनकर्णाबाईच्या बोटात परागाची डबी होती. प्रेरणानं फोन उचलून तिच्या तोंडाशी धरला.

"माताजी." तोच माणूस. पण आज मऊ नव्हता. "आपका लडका काम नहीं करता. आठ दिन हो गए. हमने आपका वो मैसेज उसको सुनाया. बोला, देख, तेरी माँ ने तेरे को छोड दिया. हँसने लगा. तब से की-बोर्ड को हाथ नहीं लगाया. उसको देख के और दो लडके काम छोड के बैठ गए. आप समझाओ उसको."

बाया आपापल्या तासातून सरकत जवळ आल्या होत्या.

"त्याले द्या फोन," मनकर्णाबाई म्हणाली. "उसको दो."

खरखर झाली. मग, "आई."

आवाज बसलेला होता, आणि शब्दाच्या शेवटी श्वास अडकत होता. बरगडीला लागलं असलं की असं बोलतं माणूस. तिला समजलं.

"बोल, बाप्पा."

"अश्वजित?"

"हाये इथंच. नळ दुरुस्त करून राह्यला टाकीचा."

"मंग बरं," गोविंदा म्हणाला. "तुले काय सांगाले लावलं त्यायनं?"

"म्हनते, तुले काम कराले सांग."

"मंग सांगून राह्यली का?"

मनकर्णाबाईनं डोळे मिटले. एक हो म्हटलं की आजचा मार चुकणार होता. आजचा तरी. तिनं फोन धरलेला प्रेरणाचा हात आपल्या हिरव्या-काळ्या बोटांनी धरला.

"म्या तुले कोनाच्या सांगन्यावरून कधी काही सांगतलं का?" ती म्हणाली. "तुले झेपंन ते कर. बसला तं बी माह्या, उठला तं बी माह्या. जेवाले देतेत का?"

"एक टाइम."

"ते टाकत नको जाऊ. रागानं बी टाकू नको."

प्रेरणा पुढं झुकली. "आयकलं का. म्या पोलिसात अर्ज देला. तुमचा फोटो लावला त्याले. लगनातला."

"तो काऊन?" गोविंदा म्हणाला. "त्यात माह्ये डोळे मिटेल हायेत."

प्रेरणाच्या तोंडून जे निघालं ते हसू होतं की काय, कोणाला कळलं नाही. फोन हिसकावल्याचा आवाज आला.

"बस. हो गया. अब से मैसेज मत भेजना. समझी?"

"भेजूँगी," मनकर्णाबाई म्हणाली. तिची हिंदी बाजारातली, मोडकी. "कल नऊ बजे. तुम बी सुनना, उसको बी सुनाना. वो बाकी दो पोट्टे बैठे ना, उनके बी नाम बताओ मेरे को. उनकी मायले बी कोनी तं सांगाले पायजे."

पलीकडं काहीतरी शिवी हासडली गेली आणि फोन बंद झाला.

मनकर्णाबाईनं पुढचं फूल धरायला हात नेला. डबीतला पराग पानांवर सांडला. तिनं हात खाली घेतला. प्रेरणा तिला टेकून उभी राहिली, पूर्ण भार टाकून.

"उद्या म्या बोलनार हाये त्या मानसाशी," ओळीपलीकडून पंचफुला म्हणाली. "मले त्याले दोन गोष्टी सांगाच्या हायेत."

"बोल. पन शिव्या नको देऊ. माह्या नेमाचा टाइम असते तो."

"नाय देत. देल्या तं हिंदीत देईन, त्याले नीट समजल्या पायजेत."

धुकं उठून गेलं होतं. फुलं दुपारपर्यंतच उघडी राहणार होती आणि चार ओळी अजून तशाच पडल्या होत्या. मनकर्णाबाईनं डबीत नवा पराग भरला, उजवा हात डाव्या हातानं मनगटापाशी धरला, आणि फुलाच्या काडीला तो टेकवला. पहिल्यांदा चुकला. दुसऱ्यांदा लागला.